दालनातून माजघरात

मे महिन्याचा मध्य उलटला की सुट्टीचा नूर बदलतो. निकालाची धाकधूक सरलेली असते, मामाच्या गावची खेप एकतर उरकलेली असते नाहीतर बारगळलेली, पेटीतले आंबे तळाला आलेले असतात, आणि ‘आता काय करू?’ हा सवाल दुपारच्या जेवणानंतर घरोघरी विचारला जाऊ लागतो. उन्हात बाहेर पडवत नाही, पंख्याखाली बसवत नाही, आणि मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेतला तर त्या हातात द्यायचे काय, हे आपल्यालाही उमगत नाही. नेमक्या याच दिवसांत, १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन येतो. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७७ पासून तो पाळायला सुरुवात केली. आपल्या पंचांगात त्याला स्थान नाही, त्या दिवशी दारी तोरण लागत नाही की पानात गोड वाढले जात नाही. तरीही सुट्टीच्या उतरणीवर येणारा हा दिवस आपल्या घरांचा, आपल्या मुलांचा आणि आपल्या रिकाम्या राहिलेल्या हातांचा हिशेब मांडायला मोठा सोयीचा आहे.

संग्रहालयात आपण मुलांना नेत नाही असे नाही. मुंबईला पाहुणे म्हणून आलेली भाचरे राणीच्या बागेबरोबर म्युझियमही पाहतात, पुण्याला आलेली शनिवारवाड्याबरोबर केळकर संग्रहालयही उरकतात. उरकतात हाच त्यासाठी योग्य शब्द. एका दालनातून दुसऱ्या दालनात आपण त्यांना हाताला धरून ओढत नेतो, काचेला हात लावू नकोस म्हणून चार वेळा दटावतो, पाटीवरची तारीख मोठ्याने वाचून दाखवतो, एखाद्या मूर्तीपाशी उभे करून फोटो काढतो आणि बाहेर पडून भेळेच्या गाडीकडे वळतो. यात वाईट काही नाही. भेळ ही सहलीची अर्धी शोभा आहे. पण त्या दालनांतून घरी आपल्यासोबत काय येते, हे एकदा विचारून पाहावे. बहुधा काहीच येत नाही. पाहिलेले चित्र डोळ्यांतून उतरून हातापर्यंत पोहोचण्याआधीच दिवस मावळतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला विचारले तर त्याला तोफ आठवते, फार तर ममी.

खरे तर दालनातून घरापर्यंतची ही वाट नवी नाही. उलट दिशेने ती केव्हाच तुडवली गेली आहे. आपल्या संग्रहालयांतले कितीतरी धन मुळात माजघरातून, देव्हाऱ्यातून, परसातून आणि गोठ्यातून तिथे गेलेले आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभे केले, आणि त्यात जमवलेल्या सुमारे २०,००० वस्तूंत राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा आपल्या पणज्यांच्या हातातल्या वस्तूच अधिक मन ओढून घेतात: अडकित्ते, समया, पायाची टाच घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे, दौती. टाच घासायच्या साध्या वज्रीवरही कुण्या कारागिराने मोर बसवला, घोडा बसवला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणाऱ्या वस्तूला त्याची काय गरज होती? गरज नव्हती, तरी तो बसवला. ज्या बापाने लेकराच्या आठवणीपायी एवढा पसारा मांडला, त्याच्या दालनांत आपण आपली लेकरे घेऊन जातो, तेव्हा त्या मोराकडे जरा अधिक वेळ पाहण्याचे ऋण आपल्यावर असतेच.

सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत सांभाळणारी स्त्री. ज्योत आपल्याला दिसत नाही, दिसतो तो तिच्या चेहऱ्यावरचा उजेड आणि बोटांच्या कडांतून झिरपणारी लाली. पाहणारे अनेकदा ते रविवर्म्याचे समजतात, तैलरंगातले समजतात. ते आहे हळदणकरांचे, आणि जलरंगातले. त्या चित्रासाठी उभी राहिलेली होती हळदणकरांची स्वतःची लेक. म्हणजे एका घरात बापाने मुलीला दिवा धरून उभे केले, तीही बिचारी हात अवघडेपर्यंत उभी राहिली, आणि त्या घरगुती उद्योगातून देशभर नावाजलेले चित्र निघाले. आपल्याकडेही निरांजन आहे, लेक आहे, संध्याकाळ तर रोजच होते. विजेचा दिवा मालवलेल्या खोलीत एकदा मुलांना निरांजनाच्या ज्योतीपुढे तळहात धरून पाहू द्या: बोटांच्या सांध्यांपाशी अंधार राहतो आणि कडा मात्र लालबुंद पेटतात. मग हे कागदावर कसे आणशील, एवढेच विचारायचे. उजेड दाखवायला पिवळा रंग फासून भागत नाही, आजूबाजूचा अंधार आधी रंगवावा लागतो, हे मुलाला तिथे आपोआप कळते, आणि ते सांगणारे आपण कोणी लागत नाही.

आपल्या रिवाजातही हे सारे होतेच. चैत्रात गौर बसली की अंगणात चैत्रांगण निघे. सूर्य, चंद्र, कासव, गोपद्म, पाळणा, मोर अशा चिन्हांची ती चित्रलिपी आजी काढत असे आणि नातीला निदान कासवाचे पाय तरी काढायला मिळत. नागपंचमीला पाटावर वा भिंतीवर गंधाने नाग काढायचा, पोळ्याला मातीचे बैल वळायचे, हस्तात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, दिवाळीत चिखलाचा किल्ला करून त्यावर अळिवाची शेती पेरायची. वर्षाच्या चक्रात मुलाच्या हाताला काम ठरवूनच दिलेले होते, आणि ते चांगले वठले की वाईट याची चर्चा कोणी करत नसे. सण झाला की रांगोळी पुसली जायची, नाग धुतला जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा नवा. आता अंगण गेले, भिंतीला महागडा रंग आला आणि ‘भिंतीवर रेघ मारायची नाही’ हा घरातला पहिला कायदा झाला. किल्लाही तयार मिळतो. काळाला नावे ठेवून काही होणार नाही, आणि सारवलेल्या भिंती परत आणा असे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना कोणी सांगू नये. पण भिंत नसली तरी जुन्या कॅलेंडरची पाठ आहे, मिठाईच्या खोक्याचे पुठ्ठे आहेत, वर्तमानपत्र आहे, गच्चीचा कोबा आहे. कागदापाशी आपण अडलेलो नाही.

भिंतीचे नाव निघाले की वारली चित्रांशिवाय पुढे जाता येत नाही. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. चौकात पालघाट देवी, भोवती झाडे, प्राणी, तारप्यावर फेर धरणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते, वर गोल ठेवला की डोके. १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या हाताने ती जगभरच्या दालनांत पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना ही चित्रे चटकन जमतात, हे त्यांचे मोठेपण आणि थोडे दुर्दैवही. कपावर, उशीच्या अभ्र्यावर, पुलाच्या खांबावर गोल डोक्यांची माणसे आता इतकी झाली आहेत की ती मुळात कुणाची, कुठल्या लग्नातली, कुठल्या देवीपुढची, हे सांगणारे कोणी उरले नाही. घरी मुलांबरोबर वारली काढायला बसलो तर पीठ कालवता कालवता एवढे सांगणे आपले कर्तव्य आहे. आणि मग फेरात नाचणारी माणसे काढून थांबू नये. आपल्या सोसायटीतला पाण्याचा टँकर, जिन्यावरचे मांजर, लोकलच्या दारात लटकलेला काका, हे सगळे त्या दोन त्रिकोणांत बसते का ते मुलांना पाहू द्यावे. म्हसे यांनीही आपल्या भोवतालचेच जाळे, मासे, शेत, मुंग्या काढल्या.

रंगांचे म्हणाल तर दुकानाच्या आधी स्वयंपाकघर उघडावे. अजिंठ्याच्या चितारींनी गेरू, पिवळी माती, चुना, दिव्याची काजळी अशा हाताशी असलेल्या जिनसांवर मोठे काम उरकले; निळा लाजवर्द तेवढा दूरदेशीचा. आपल्या तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू घरात असतोच. काजळी धरायची तर तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी ठेवावी आणि जमलेली काळी भुकटी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटावी. दुकानातल्या जलरंगाच्या वड्यांतही डिंकच असतो. पण मुलांना खरी जादू दाखवते ती हळद. चमचाभर हळद पाण्यात कालवून कागदावर सपाट हात मारावा, कागद सुकू द्यावा, मग खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात काडी बुडवावी आणि त्या पिवळ्यावर रेघ ओढावी. रेघ पाण्यासारखी बिनरंगी निघते आणि डोळ्यांदेखत तांबडी होत जाते. चुन्याची निवळी घेतली तर लाली आणखी चढते, मात्र चुना मोठ्यांनी हाताळावा, डोळ्यांत जाता कामा नये. आता त्याच रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की तांबडे पुन्हा पिवळे! जुन्या काळी कुंकू हळदीपासूनच होत असे, हे त्या वेळी सांगितले की मुलगा आजीच्या करंड्याकडे वेगळ्याच नजरेने पाहतो. या रंगाला एक खोड आहे, उन्हात तो विटतो. विटू द्यावा. पाचव्या-सहाव्या दिवशी चित्र फिके झाल्याचे मुलाच्या ध्यानात आले की संग्रहालयात दिवे मंद का ठेवतात आणि फ्लॅश का मारू देत नाहीत, याचे उत्तर त्याला आपसूक मिळते.

आधुनिक चित्रांपुढे मात्र आपणच बिचकतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या वास्तूत किंवा जहांगीरमध्ये एखादा काळा वाटोळा ठिपका पाहून ‘हे तर आमचा बंड्याही काढेल’ असे आपण म्हणतो. काढेलच, आणि त्याला काढू द्यावा. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या वनांच्या मुलखात शाळेत जात होते तेव्हा त्यांचे मन अभ्यासात ठरेना. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बस म्हणून सांगितले. नागपूर, मुंबई, पॅरिस अशी वाट चालून झाल्यावर तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला आणि अखेरपर्यंत उठला नाही. आपल्या बंड्याने डब्याचे झाकण ठेवून वर्तुळ काढावे, ते काळे भरावे आणि मग त्याच्या भोवती कुठला रंग ठेवला तर ते पुढे येते, कुठला ठेवला तर मागे जाते, हे तास-दीड तास खेळत बसावे. प्रभाकर बरवे यांनी तर घड्याळ, झाडाचे पान, फळ अशा रोजच्या वस्तू उचलून मोकळ्या अवकाशात अशा ठेवल्या की त्या अनोळखी वाटाव्यात. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० मधले पुस्तक ज्यांना आपण मुलांशी चित्रांविषयी काय बोलावे असा प्रश्न पडतो त्यांनी जरूर वाचावे. आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन तरुणपणी मुलांची खेळणी आणि फर्निचर यांच्या रचना करून पोट भरत, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. गायतोंड्यांनी कुंचला बाजूला ठेवून रोलर आणि कागदाचे तुकडे हाती घेतले. रंग लावायचा, वर फाटका कागद दाबायचा, उचलायचा. ही रीत चार वर्षांच्या मुलालाही साधते, मात्र खाली जुनी चादर अंथरावी.

आता आपल्याविषयी थोडे. चित्र मुलांचे असते आणि अडचण बहुतेकदा मोठ्यांची असते. ‘आकाश निळेच असते’, ‘हत्तीला पाच पाय कसे?’, ‘रेषेबाहेर जाऊ नकोस’ ही आपली वाक्ये ऐकत मोठे झालेले मूल आठवी-नववीत पोहोचते तेव्हा एकच निसर्गचित्र घेऊन येते: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, झोपडी, नारळाचे झाड आणि चाराच्या आकड्यासारखे पक्षी. विदर्भातल्या मुलाने नारळ कुठे पाहिला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे; पण स्मरणचित्राचा विषयही पाठ करून जाण्याइतके आपण त्या परीक्षेत तरबेज झालो, आणि पुढे तर तिच्या श्रेणीचे दहावीच्या गुणांशी लग्न लागले. घरात बसून काढलेल्या चित्राला तरी गुण नसावेत. स्पर्धा नसावी, शेजारच्या मुलीशी तुलना नसावी, आणि काढून होताच त्याचा फोटो कुटुंबाच्या समूहावर टाकून बारा अंगठे मिळवण्याची घाईही नसावी.

नक्कल करावी की करू नये, हाही एक वाद आहे. संग्रहालयातले चित्र समोर ठेवून मुलाने तसेच्या तसे काढावे, असा काहींचा आग्रह असतो, तर काहींना नकलेचा वास आला तरी मुलाची प्रतिभा करपेल असे वाटते. दोघांनीही इतके घाबरू नये. नकलेतून हात शिकतो, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याला मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते, त्यात त्यांचे काही बिघडले नाही. फक्त नकलेला शेवटचा मुक्काम मानू नये. चित्रातली बाई पुढच्या क्षणी काय करेल, चौकटीच्या बाहेर डावीकडे कोण उभे असेल, हाच प्रसंग आपल्या स्वयंपाकघरात घडला असता तर, असे प्रश्न विचारले की मूल नकलेतून आपोआप पुढे सरकते. ‘हे काय काढलेस?’ असे न विचारता ‘याची गोष्ट सांग’ म्हणावे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत तर चित्राला गोष्टीवाचून जागाच नाही: एकेक चित्र हाती धरायचे, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचे. चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली, आणि अशा एका संचाला म्हणायचे पोथी. सुट्टीत मुलांनी आपल्या गल्लीची अशी पोथी करावी आणि रात्री वीज गेली की मेणबत्तीत ती सगळ्यांना सांगावी. मे महिन्यात वीज जातेच.

यावर काही जण म्हणतील, संग्रहालये मुंबई-पुण्याची, आम्ही काय करावे? तक्रार खोटी नाही. तरी सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या लहान गावी भवानराव पंतप्रतिनिधी या चित्रकार राजाने १९३८ मध्ये संग्रहालय बांधले आणि रविवर्म्याच्या मूळ चित्रांपासून हेन्री मूरच्या मायलेकरांच्या शिल्पापर्यंत दौलत तिथे ठेवली. यमाईच्या दर्शनाला जाणारे आपण तिथे वळतो का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यालाच चित्रकथींचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ची पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्येच संग्रहालय बसवून ते शाळांच्या दारी नेले आणि २०१९ मध्ये आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. भायखळ्याचे १८७२ मधले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तर मातीच्या चिमुकल्या बाहुल्यांसाठीच पाहावे: पगड्यांचे प्रकार, बलुतेदारांची कामे, बैठे खेळ, सारे मुलांच्या उंचीला आणि आवाक्याला बसणारे. ते पाहून आलेल्या मुलाला शाडूचा गोळा दिला आणि आपल्या नाक्यावरचे चार धंदे कर म्हटले, तर इस्त्रीवाला, भाजीवाली, रिक्षावाला आणि मोबाइल दुरुस्त करणारा असा नवा संच तयार होईल. न्यू जर्सीत वा दुबईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिथली दालने जवळ आहेत आणि आजीचे करंडे इकडे आहेत; त्यांनी करंड्याचा फोटो मागवावा आणि दालन पायी पाहावे.

छंदवर्गांना आपला विरोध नाही. ते चालवणारे शिक्षक मनापासून शिकवतात, आणि नोकरी करणाऱ्या आईबापांना दोन तासांचा आधार होतो. पण वर्गाला पोहोचवून परत आणले की आपले काम झाले, ही समजूत सोडायला हवी. मुलाशेजारी मांडी घालून बसून आपणही एक वेडेवाकडे चित्र काढणे, त्याला हसू देणे, सांडलेला रंग न चिडता पुसणे, हे काम कुठल्याही शुल्कात बाहेर देता येत नाही. आजोबांनीही बसावे. आयुष्यभर खातेवही लिहिलेल्या हाताला वळण असते, ते नातवाला दाखवायला याहून चांगली बैठक मिळणार नाही.

आणि काढलेले जपावे. सगळेच नाही, घरे लहान आहेत आणि रांगोळी पुसायची आपली रीतही शहाणपणाचीच होती. पण सुट्टीतली चार-दोन चित्रे मुलाला स्वतः निवडायला लावावीत आणि जुन्या फायलीत ठेवावीत. संग्रहालयात वस्तू आली की आधी नोंदवहीत चढते: काय आहे, कुठून आली, कशाची केली, कधी मिळाली. घरातल्या संग्रहालाही ही शिस्त लावायला काही खर्च नाही. मेच्या मध्याला शाळा उघडायला अजून चारेक आठवडे असतात. एखादे दालन पाहून या, जाण्याआधी त्याच्या सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि घरी आल्यावर जे चित्र होईल त्याच्या पाठीमागे तारीख, मुलाचे वय आणि ते कुठले चित्र पाहून सुचले हे त्याच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहून घ्यायला विसरू नका.